आई-बाबा पहिल्यांदाच विमानाने बेळगावहून बंगळूरला जाणार, सोबत कोणी नाही. सांबऱ्याहून पाठवू की हुबळी, गोव्याहून?

सांबऱ्याहूनच, म्हणजे बेळगावच्याच विमानतळावरून पाठवा. परतीचं मात्र वेगळं आहे, ते शेवटी सांगतो.

माझे आई-बाबा असेच दोघंच गेले होते, बहिणीकडे. बाबा पंच्याहत्तरीचे, आईचे गुडघे गेलेले. गोवा मी पहिल्याच दिवशी बाद केला. चोर्ल्याचा घाट, त्यात पावसाळा, एका तासाच्या उड्डाणासाठी आधी तीन-साडेतीन तास गाडीत. हुबळीला हायवे चांगला, पण शंभर किलोमीटर आहेच. सांबरा म्हणजे घरातून चहा पिऊन निघा, मुतगा ओलांडला की आलं.

आमचा विमानतळ जुना आहे, 1942 चा, दुसऱ्या महायुद्धात इंग्रजांच्या हवाई दलाने बांधलेला. आजही शेजारी हवाई दलाचं प्रशिक्षण केंद्र आहे. नवी टर्मिनल इमारत 2017 मध्ये झाली. छोटी आहे, आणि म्हाताऱ्या माणसांना तेच बरं. बंगळूरच्या विमानतळावर उतरल्यावर किती चालावं लागतं ते तिथे जाऊन आलेल्या कोणालाही विचारा. इथे दारातून आत गेलं की समोरच काउंटर, बाजूला तपासणी, पुढे बसायच्या खुर्च्या. चुकायला जागाच नाही. पाट्यांवर कानडी, हिंदी, इंग्रजी असतं. बाबांनी हिंदी वाचून काम भागवलं.

छोटेपणाचा आणखी एक फायदा मला त्या दिवशी कळला. आईने बहिणीच्या ओटीसाठी सुक्या खोबऱ्याच्या चार वाट्या मोठ्या बॅगेत साडीत गुंडाळून ठेवल्या होत्या. मी तिकीट नाही म्हणून बाहेर काचेशी उभा. आत बॅग उघडलेली दिसली, साडीची घडी मोडलेली, आणि आई तपासणीवाल्या मुलीशी हातवारे करून भांडतेय. फोन आला, "खोबऱ्यानं विमान पेटतंय होय रे?" खरंच पेटू शकतं. सुक्या खोबऱ्यात तेल असतं, ते आपोआप तापून पेट घेऊ शकतं, म्हणून ते धोकादायक मालात मोजतात. मोठ्या विमानतळावर ते तिथल्या डब्यात गेलं असतं. इथे बाबा दारापर्यंत आले, सुरक्षेवाल्याने त्या वाट्या माझ्या हातात दिल्या, बाबा परत आत गेले. दहा मिनिटांचं काम. आईचा राग मात्र बंगळूरपर्यंत टिकला.

तेव्हा आधी बॅग तुम्ही स्वतः भरा. खोबरं नाही, आगपेटी नाही. लोणचं हातातल्या पिशवीत चालत नाही, मोठ्या बॅगेत नीट बांधून टाका. पॉवर बँक उलट, ती हातातल्याच पिशवीत पाहिजे. कुंदा, आपली बेळगावची मिठाई, आमचा हातातल्या पिशवीतून गेला, कोणी विचारलंही नाही. हातातलं सामान साधारण सात किलो, मोठी बॅग पंधरा, पण तुमच्या तिकिटावर काय लिहिलंय ते बघा.

तिकिटावरचं नाव आधारवर आहे तसंच घाला. हे मी मोठ्याने सांगतोय, कारण आपल्याकडे आधारवर नावांची गंमत असते. माझ्या आईचं नुसतं नाव आणि पुढे एक इंग्रजी अक्षर, आडनाव गायब. घरी सगळे म्हणतात ते नाव तर तिसरंच. तिकिटाच्या फॉर्मला आडनाव हवंच असतं. तिथे मनाने काही भरू नका, कंपनीला फोन करून विचारा. आणि आधार मूळ कार्ड द्या, फोनमधल्या फोटोच्या भरवशावर राहू नका.

आता विमान. बंगळूरला जाणारं विमान छोटं पंख्याचं असेल तर चढायचं दार मागे असतं, म्हणून गुडघेवाल्यांना मागच्या ओळीतली सीट घ्या. पायऱ्याही कमी असतात. मोठं जेट असेल तर लांब जिना चढावा लागतो, मग तिकीट काढतानाच व्हीलचेअर मागा. आईने आधी नको म्हटलं, "लोक काय म्हणतील" वगैरे, आणि मग बसली तशी उठेना. पंख्याच्या विमानात पंख वर असतात, खिडकीतून खालचं सगळं दिसतं. बाबा शपथेवर सांगतात की त्यांना सौंदत्तीचा यल्लम्माचा डोंगर दिसला. डावीकडे बसले होते एवढं खरं, बाकी यल्लम्मा जाणे.

परतीचं सांगायचं राहिलं. सांबऱ्याची अडचण अशी की दिवसाला विमानं मोजकीच, आणि त्यांचा भरवसा नाही. 2018 मध्ये इथली चालू विमानं हुबळीकडे गेली होती. मग 2019 मध्ये केंद्र सरकारच्या, लहान शहरं विमानाने जोडायच्या उडान योजनेत बेळगावचं नाव आलं आणि विमानं वाढली. त्या योजनेत ठरलेल्या मार्गावर सरकार कंपनीला तीन वर्षं तूट भरून देतं. मुदत संपली की कंपनी हिशोब करते आणि मार्ग कधी कधी बंद होतो. म्हणून दोन महिने आधी काढलेलं तिकीट तसंच राहील असं धरू नका, आठवडाभर आधी एकदा बघा.

त्यात पाऊस. जुलैत आई-बाबा परत यायला निघाले, मी सांबऱ्याला न्यायला गेलो. ढग एवढे खाली की समोरची झाडं दिसेनात. विमान वर दोन फेऱ्या मारून गेलं, आवाज ऐकू आला. तासाभराने बाबांचा फोन, "उतरलो रे आम्ही." म्हटलं कुठे? "अरे, परत बंगळूरातच!" पैसे परत मिळाले, पण ढगांमुळे झालेल्या प्रकाराला नुकसानभरपाई नसते. बहिणीने त्यांना रात्रीच्या स्लीपर बसमध्ये बसवलं, सकाळी बेळगावात. तेव्हा पावसाळ्यात येत असतील तर दुपारचं विमान घ्या आणि रात्रीच्या बसच्या वेळा बंगळूरच्या तुमच्या माणसांना आधीच सांगून ठेवा.

हां, तुमचं घर बेळगाव शहरात नसून निपाणीकडे असेल तर सांबरा सोडा. तिथून कोल्हापूर जवळ, उजळाईवाडीचा विमानतळ हायवेला लागूनच आहे. फक्त तिथून बंगळूरचं विमान त्या दिवशी आहे का ते बघा.