क्लब चाहत्यांचा झाला, पुढे काय?

प्रश्न : आमचा फुटबॉल क्लब दिवाळखोरीत निघाला आहे. चाहत्यांनी वर्गणी काढून तो विकत घ्यायचं ठरतंय. सर्वांत मोठी अडचण कुठली येईल?

उत्तर : खरी अडचण क्लब घेतल्यानंतरच्या वर्षांत येते. क्लब बुडताना लोक हात आखडत नाहीत. इंग्लंडमधल्या पोर्ट्समथच्या चाहत्यांनी ट्रस्ट काढून 2013 मध्ये 1,000 पौंडांचा एक असे शेअर घेऊन क्लब वाचवला आणि 2017 मध्ये लीग टू या चौथ्या श्रेणीच्या स्पर्धेचं विजेतेपदही पाहिलं. पण फ्रॅटन पार्क हे जुनं मैदान मोठ्या डागडुजीला आलं होतं आणि तेवढा पैसा ट्रस्टकडे नव्हता. विजेतेपदाच्याच महिन्यात भागधारकांनी मोठ्या बहुमताने डिस्नेचे माजी प्रमुख मायकेल आयझनर यांच्या कंपनीला क्लब विकायचा कौल दिला. त्यांना मी दोष देणार नाही. एकदाच दिलेल्या पैशातून स्टँडची दुरुस्ती वर्षानुवर्षं होत नाही.

स्कॉटलंडमध्ये एडिनबरोच्या हार्ट्स क्लबने मासिक वर्गणीचा रस्ता धरला. हजारो चाहते दरमहा पैसे भरत राहिले, 2021 मध्ये बहुसंख्य शेअर त्यांच्या फाउंडेशनकडे आले आणि त्यानंतरही वर्गणी चालू राहिली. खात्यातून आपोआप वळती होणारी वर्गणी तुम्ही आधी उभी करा. किती जण सहा महिन्यांनंतरही भरतात ते बघा आणि मगच बोली लावा.

प्रश्न : पैसे आम्ही देणार, मग संघनिवडीत आमचं मत का नको?

उत्तर : हा प्रयोग इंग्लंडमधल्या एब्सफ्लीट युनायटेडमध्ये होऊन गेला. 2008 मध्ये इंटरनेटवरून प्रत्येकी 35 पौंड भरून हजारो लोक मालक झाले. संघही सभासदांनीच निवडायचा, अशी मूळ कल्पना होती. प्रत्यक्षात त्यांनी ते काम प्रशिक्षकाकडेच ठेवलं. त्याच मोसमात क्लबने एफए ट्रॉफी ही खालच्या श्रेणीतल्या क्लबांची स्पर्धा जिंकली, तरी पुढच्या वर्षी बहुतेकांनी सभासदत्वाचं नूतनीकरण केलं नाही. 2013 मध्ये त्यांनी क्लबचा ताबा सोडला.

खेळाडूच्या खरेदीचा निर्णय कधी कधी एका संध्याकाळीत घ्यावा लागतो. सभा बोलावून मतं मोजेपर्यंत तो दुसरीकडे सही करून मोकळा होतो. मैदान विकणं, क्लबचं नाव, जर्सीचे रंग, ठरावीक मर्यादेपुढचं कर्ज आणि संचालकांची निवड एवढं सभासदांच्या हाती घट्ट ठेवा. बाकी पगारी, जाणत्या माणसांवर सोपवा आणि वार्षिक सभेत त्यांना खुशाल धारेवर धरा.

प्रश्न : एक गुंतवणूकदार पैसे घेऊन आला आहे. थोडा हिस्सा द्यावा का?

उत्तर : द्यायला हरकत नाही, पण मताचा अधिकार देऊ नका. 2025 मध्ये हार्ट्सने इंग्लंडमधल्या ब्रायटन क्लबचे मालक टोनी ब्लूम यांचा पैसा मताधिकार नसलेल्या शेअरवर घेतला. उलट उदाहरण वेल्समधल्या स्वान्सी क्लबचं. तिथे चाहत्यांच्या ट्रस्टकडे पाचव्या हिश्श्याहून थोडे जास्त शेअर होते. 2016 मध्ये इतर भागधारकांनी ट्रस्टला बाजूला ठेवून बहुसंख्य हिस्सा अमेरिकी गटाला विकला. छोटा भागधारक सभेत कितीही बोलला तरी विक्री रोखू शकत नाही. करारात नकाराधिकार लिहून घेतला असेल तरच त्याचं चालतं.

प्रश्न : जर्मनीसारखा 50+1 नियम असता तर हे प्रश्न सुटले असते ना?

उत्तर : मालकीचा प्रश्न बराचसा सुटतो. 1998 पासून तिथे मतांचं बहुमत (निम्म्याहून किमान एक मत जास्त) सभासदांच्या मूळ क्लबकडेच राहावं लागतं आणि हा नियम मला मनापासून पटतो. मात्र तिथल्या लाइपझिग क्लबने मताधिकार असलेले सभासद मूठभरच ठेवून नियम फक्त कागदावर पाळला. त्यामुळे तुमच्या क्लबच्या घटनेत सभासदत्व कुणाला नाकारता येईल, हे कलम सर्वांत आधी तपासा.