थ्रेडचा ब्रेकपॉइंट दुसऱ्याच प्रोसेसला का अडवतो?

डीबगर (इथं जीडीबी) म्हणजे चालता प्रोग्राम थांबवून आत डोकावायचं साधन. प्रोसेस म्हणजे चालू असलेला प्रोग्राम, थ्रेड म्हणजे त्याच्या आत चालणारा कामाचा एक धागा, आणि ब्रेकपॉइंट म्हणजे ‘इथं थांब’ अशी खूण. एकाच डीबगरखाली दोन-तीन प्रोसेस घेतल्या की थ्रेडपुरत्या ब्रेकपॉइंटचा गोंधळ सुरू होतो. पत्रं वेगवेगळ्या गावांची, अडचण बहुतेकांची तीच.

प्रश्न : जीडीबीत थ्रेड ३ आणि थ्रेड २.३ एकच का? (विद्यार्थिनी, लातूर)

नाही. २.३ म्हणजे दुसऱ्या प्रोसेसमधला तिसरा थ्रेड. नुसता ३ म्हणजे सध्या निवडलेल्या प्रोसेसमधला तिसरा. २०१६ च्या ७.११ आवृत्तीपासून असं आहे. त्याआधीच्या नोट्स कॉलेजात फिरत असतील तर रद्दीत घाला.

प्रश्न : वजनकाट्याच्या सॉफ्टवेअरमध्ये एकाच प्रोग्रामच्या दोन प्रोसेस आहेत, एक वजन वाचते, एक पावती छापते. ब्रेकपॉइंट फक्त थ्रेड १.२ ला लावला, तरी यादीत त्याच्या दोन जागा दिसतात आणि पावतीची प्रोसेस रांगायला लागते. सहकारी म्हणतो, रॅम गेली. (जालना)

रॅमला हात लावू नका. सहकारी म्हणतो म्हणून सुटे भाग आणायला निघालेली माणसं मी पाहिली आहेत.

थ्रेडला ब्रेकपॉइंट लागतच नाही. तो लागतो कोडला. इंटेलच्या प्रोसेसरवर त्या जागेचा पहिला बाइट काढून तिथं सीसी हा बाइट बसवतात, आणि एका प्रोसेसमधले सगळे थ्रेड तोच कोड चालवतात. मग तिथं येईल तो थांबतो. कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, डीबगरला उठवतो, डीबगर थ्रेड ओळखतो आणि नको तो निघाला तर मूळ सूचना पार करून देऊन सोडतो. नाक्यावर प्रत्येक ट्रक थांबवायचा आणि पावती एकाच नंबरची फाडायची, तसला प्रकार. एका प्रोसेसच्या आत याला इलाज नाही.

पण दुसऱ्या प्रोसेसमध्ये थ्रेड १.२ कधी येणारच नाही! तिथं नाका हवाच कशाला? जुना जीडीबी जागा शोधताना हाताखालच्या सगळ्या प्रोसेस धुंडाळायचा, नाव सापडेल तिथं ब्रेकपॉइंट बसवायचा आणि थ्रेडची अट थांबल्यावर तपासायचा. अलीकडच्या आवृत्त्यांत हा क्रम उलटा केला आहे : थ्रेड कुठल्या प्रोग्राम-स्पेसमध्ये (म्हणजे कोड बसलेल्या मेमरीच्या कुठल्या हद्दीत) आहे ते आधी पाहायचं आणि जागा तेवढ्यातच शोधायच्या. बहुतेक वेळा त्याचा अर्थ ‘त्याच प्रोसेसमध्ये’ असाच होतो. व्हीफोर्क या पद्धतीने एका प्रोसेसमधून जन्मलेली नवी प्रोसेस मात्र काही काळ पालकाचीच मेमरी वापरते, तिथं अशी वाटणी होत नाही. पेंडिंग ब्रेकपॉइंटचंही सुधारलं आहे. लायब्ररी लोड व्हायच्या आधी लावलेल्या ब्रेकपॉइंटची थ्रेडची अट आता लावतानाच वाचली जाते. पूर्वी ती जागा सापडेपर्यंत न वाचता पडून असायची आणि चूक उशिरा कळायची.

मला काळजी वेगळीच आहे. नको तिथं थांबलेली प्रोसेस संथ होते, आणि दोन प्रोसेसमधली रेस, म्हणजे कोण आधी पोचतं यावर निकाल बदलणारी चूक, त्या संथपणात लपून जाते. ‘डीबगरखाली दिसत नाही’ म्हणून तक्रार बंद करतात, आणि सीझनमध्ये ट्रकची रांग लागलेली असताना वजन एकाचं आणि पावती दुसऱ्याची निघते. मग महिनाभराने मला पत्र! आधी आवृत्ती तपासा. जुनी असेल तर नवी वेगळ्या मशीनवर बसवा, चालू काट्यावर नको, आणि काटा सांभाळणाऱ्या माणसाला विचारल्याशिवाय तर नकोच.

प्रश्न : ब्रेकपॉइंट आपोआप गायब झाला. (परभणी)

थ्रेड संपला की जीडीबी तो पुसतो आणि तसा संदेशही छापतो. वाचत चला.

प्रश्न : थ्रेड १.३ ने फोर्क केलं. ब्रेकपॉइंट त्याच थ्रेडवर होता, तरी नव्या प्रोसेसमध्ये थांबत नाही. (नांदेड)

फोर्क म्हणजे प्रोसेसने स्वतःची प्रत काढून नवी प्रोसेस सुरू करणं. फोर्क करणारा एकटाच थ्रेड नव्या प्रोसेसमध्ये जातो आणि तिथं त्याचा नंबर २.१ होतो. तुमची अट १.३ ची, ती पालकाकडेच राहिली. जीडीबीची ‘डिटॅच-ऑन-फोर्क’ ही सेटिंग ऑफ नसेल तर नवी प्रोसेस डीबगरच्या हातात राहतच नाही; ती आधी ऑफ करा. अख्खी प्रोसेसच अडवायची असेल तर नव्या आवृत्तीत ‘थ्रेड’च्या जागी ‘इन्फिरियर २’ अशी अट लिहिता येते (हाताखालच्या प्रोसेसला जीडीबी इन्फिरियर म्हणतो). दोन्ही एकदम चालत नाहीत. आणखी एक. पालकाच्या इतर थ्रेडनी धरलेली लॉक (एका वेळी एकाच थ्रेडला आत सोडणारी कुलपं) नव्या प्रोसेसमध्ये बंदच राहतात, उघडणारं कोणी नसतं. प्रोग्राम तिथं अडकला असेल तर ब्रेकपॉइंट वाढवत बसू नका, कोड सरांना दाखवा.

प्रश्न : चालू प्रोसेसला जोडताना ‘ऑपरेशन नॉट परमिटेड’ येतं. मित्र म्हणतो, यामाची सेटिंग शून्य कर. (वाळूज)

यामा ही लिनक्सची सुरक्षा-सोय, कुणी कुणाच्या प्रोसेसला धरायचं ते ठरवणारी. उबुंटू या लिनक्समध्ये तिची सेटिंग मुळात १ असते : डीबगरने स्वतःच्या वंशजांनाच धरायचं. शून्य केली तर तुमच्या नावाने चालणारी कुठलीही प्रोसेस दुसरीची मेमरी वाचू शकते, पासवर्डसकट. प्रोग्राम डीबगरमधूनच सुरू केला तर यातलं काही लागत नाही. कंपनीच्या मशीनवर ॲडमिनची परवानगी घ्या, तीही लेखी. मित्राची नव्हे.

प्रश्न : जीडीबीला अनेक प्रोसेस जमत नाहीत म्हणून एक क्लासवाले स्वतःचं टूल विकतात. घ्यावं का? (धाराशिव)

त्यांच्यासमोर ‘ॲड-इन्फिरियर’ टाइप करा आणि चेहरा बघा. जीडीबी फुकट आहे आणि त्याला हे जमतं. अशा कित्येक टूल्सच्या आत जीडीबीच चालतो, वर फक्त बटणं असतात. आत कुठला डीबगर आहे आणि त्याची कितवी आवृत्ती, एवढं लेखी मागा. मिळालं तरी पैसे भरण्याआधी कॉलेजात ऑपरेटिंग सिस्टिम शिकवणाऱ्या कुणाला तरी दाखवून घ्या.