वाढदिवस पेठेतला: वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

वाढदिवसाला हॉल नको, जुन्या पुण्यात दिवस घालवू, असं ठरवलेल्या वाचकांचे प्रश्न या वेळी घेतले आहेत.

आईला पुढच्या महिन्यात पंच्याहत्तर पूर्ण होतायत. तिचं लहानपण पेठेत गेलं. एक दिवस तिला तिथेच फिरवायचं आहे, पण गुडघे दुखतात. आम्ही सहा जण आहोत. एका दिवसात किती ठिकाणं होतील? (कोथरूड)

तीन, आणि मधे भरपूर बसणं. नकाशावर शनिवारवाडा, लाल महाल, कसबा गणपती, दगडूशेठ, मंडई, तुळशीबाग, विश्रामबागवाडा, केळकर संग्रहालय हे सगळं अडीच-तीन किलोमीटरांत दिसतं आणि त्यालाच घरची मंडळी फसतात. दुखऱ्या गुडघ्याला चालण्यापेक्षा उभं राहणं जास्त जड जातं. दर्शनाची रांग, तिकिटाची खिडकी, हॉटेलाबाहेरचं ताटकळणं, यातच आई थकतील.

तारीख पक्की करण्याआधी कालनिर्णय उघडून पाहा. त्या दिवशी संकष्टी असेल तर कसबा आणि दगडूशेठला गर्दी असते, अंगारकी असेल तर पेठेत पाय ठेवायला जागा नसते. शिवाय आईंचा उपास असेल तर जेवणाचा बेतच बारगळतो. तारखेचा हट्ट नसेल तर तिथीने करा किंवा एखाद्या मधल्या वारी करा. रविवार शक्यतो टाळाच.

औक्षण घरीच उरकून आठला निघा. कोथरूडहून मेट्रोने जायचं तर वनाज–रामवाडी मार्गावरून जिल्हा न्यायालय स्थानकात उतरून स्वारगेटची गाडी धरावी लागते. ते खालचं स्थानक जमिनीखाली सुमारे ३३ मीटर आहे. लिफ्ट आहे, सरकते जिने आहेत, पण उंचावरच्या फलाटापासून तळाच्या फलाटापर्यंतची वाट आईंसाठी लांब पडते. जाताना दोन रिक्षा करा, तिघं-तिघं. एकेरी रस्त्यांमुळे फेरा पडतो, त्याचे दहा-पंधरा मिनिटं धरा.

पहिलं ठिकाण कसबा गणपती. हे पुण्याचं ग्रामदैवत, देऊळ जिजाबाईंनी बांधलं. सकाळी नऊच्या आत शांतता असते आणि सभामंडपात टेकायला मिळतं. लाल महाल जवळच आहे, पण आजची इमारत अलीकडे उभारलेली आहे. शाहिस्तेखानावर १६६३ मध्ये छापा पडला ती मूळ वास्तू नव्हे. बाहेरून पाहिलात तरी चालेल.

मग शनिवारवाडा. इथे बऱ्याच जणांची निराशा होते, म्हणून आधीच सांगून ठेवा: आत वाडा नाही. १७३२ मध्ये वास्तुशांत झालेला हा वाडा १८२८ च्या आगीत जळाला, उरले ते तट, दरवाजे आणि जोती. तटावर जाणारे जिने उंच पायऱ्यांचे आहेत, आईंना तिथे नेऊ नका. त्याऐवजी आतल्या हजारी कारंज्यापाशी थांबा. सोळा पाकळ्यांचं हे कमळ लहानग्या सवाई माधवरावांच्या करमणुकीसाठी केलं असं सांगतात, म्हणजे वाढदिवसाला साजेसंच. उन्हाळ्यात आत सावली कमी आहे, तेव्हा साडेदहाच्या आत बाहेर पडा.

जेवण पावणेबाराला. पेठेतल्या थाळीच्या खानावळींत साडेबारानंतर नावं लिहून उभं राहावं लागतं, त्यामुळे पाऊण तास लवकर जाणं हीच इथली खरी युक्ती. आधी फोन करून सहा जणांना एकत्र बसायला मिळेल का आणि जिना चढावा लागेल का, हे दोन्ही विचारा. दुसरा प्रश्न हमखास राहून जातो आणि वातानुकूलित बसण्याची जागा नेमकी माडीवर निघते.

दुपारी काही जुनी दुकानं अजूनही मिटतात. तो वेळ राजा दिनकर केळकर संग्रहालयाला द्या. ते शुक्रवार पेठेत नातूबागेत आहे, सकाळी दहा ते साडेपाच उघडं असतं. सगळे मजले बघायचेच, असा आग्रह नको. दिवे, अडकित्ते, स्वयंपाकघरातली भांडी एवढंच सावकाश पाहा. ज्यांनी अशा वस्तू घरात वापरलेल्या पाहिल्या आहेत त्यांना बोलायला इथे विषय मिळतो. आईंना बोलू द्या, फोनवर ध्वनिमुद्रण करून ठेवा. दिवसभराच्या फोटोंपेक्षा ते पुढे जास्त वेळा ऐकलं जाईल.

चार वाजता परत. तुळशीबागेत शिरायचं आईंनीच सुचवलं तर जा, एरवी नाही.

मुलीला आठवं लागतंय. दहा मैत्रिणींना घेऊन पेठेत काही खेळ करता येईल का? (बिबवेवाडी)

येईल, आणि खेळ पुण्याने तयारच ठेवला आहे: देवांची नावं. उपाशी विठोबा, खुन्या मुरलीधर, जिलब्या मारुती, पत्र्या मारुती, पासोड्या विठोबा, गुपचूप गणपती, चिमण्या गणपती. सात-आठ वर्षांच्या मुलांना यातलं एकेक नाव ऐकूनच हसू फुटतं. कोडी घालून देऊळ शोधायचं, तिथे दारावरचं नाव वहीत उतरवायचं, मग पुढचं कोडं.

मोह होईल तरी ठिकाणं पाचच ठेवा आणि सगळी लक्ष्मी रस्त्याच्या दक्षिणेची निवडा. पासोड्या विठोबा बुधवार पेठेत, रस्त्यापलीकडे आहे, तो सोडा. पोरांची रांग घेऊन लक्ष्मी रस्ता ओलांडताना निम्मी इकडे आणि निम्मी तिकडे राहतात. सदाशिव पेठेत खुन्या मुरलीधर आणि उपाशी विठोबा एकमेकांजवळ आहेत, तिथून विश्रामबागवाडा, मग बाजीराव रस्ता एकदाच ओलांडून तुळशीबागेतलं राममंदिर, आणि शेवटी जिलब्या मारुती. चालणं सव्वा किलोमीटरच्या आत बसतं. कोड्यांसह दीड तास.

माणसं अशी लावा: मुलीसह अकरा मुलं, एक गट पाचांचा, एक सहांचा, प्रत्येक गटाला दोन मोठी माणसं, एक पुढे, एक मागे. पाचवा माणूस रिकामा हवा, कुणाला शू लागली किंवा चप्पल तुटली तर त्याने थांबायचं. प्रत्येक मुलाच्या खिशात पालकांचा फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी. दोन्ही गटांना एकाच वेळी सोडू नका, दहा मिनिटांचं अंतर ठेवा. नाहीतर पुढचा गट कुठे वळला ते बघून मागचा नुसता पळतो आणि कोडी तशीच राहतात.

कोडं असं असावं की उत्तर जागेवरच मिळेल. ‘विश्रामबागवाड्याच्या सज्जातले खांब कुठल्या झाडासारखे दिसतात?’ हे चांगलं कोडं आहे. पेशवाईतला सुरूचा खांब तळाशी पाकळ्यांतून उगवल्यासारखा फुगीर असतो आणि वर निमुळता होत जातो. मुलांना तो रस्त्यावरून मान वर करून दिसतो. वाडा दुसऱ्या बाजीरावाचा, १८०७ च्या सुमाराचा. ‘खुन्या’ नाव का, हे मात्र मुलं विचारणारच. देवाच्या प्रतिष्ठापनेच्या वेळी तिथे चकमक होऊन रक्त सांडलं, एवढं सांगितलं की पुरतं.

परतभेटीसाठी तुळशीबागेत भातुकली घ्या. प्लॅस्टिकची नको, पितळेची किंवा स्टीलची. चूल, जातं, पाटा-वरवंटा, बंब, पळी, इवलासा पोळपाट, सगळं सुटं मिळतं. अकरा जणांना पूर्ण संच देण्यापेक्षा प्रत्येकाला तीन नग देऊन कापडी पुरचुंडीत बांधा. देण्याआधी प्रत्येक भांड्याच्या कडेवरून बोट फिरवा. पत्रा कापून वळवलेल्या वाट्यांची कड कधी कधी नीट मोडलेली नसते आणि तिने बोट कापतं. जात्याचा खुंटा हलवून पाहा, तो बसवलेला असतो आणि पहिल्याच दिवशी निघतो. खरेदी आदल्या दिवशीच उरका. त्या गल्लीत अकरा मुलं आत नेली तर त्यांची मोजदादच करत बसाल.

शनिवारवाड्यात केक कापता येईल का? (हडपसर)

नाही. तो संरक्षित स्मारक आहे. केक, फुगे, मेणबत्त्या, तिथे यातलं काहीच चालत नाही, आणि तिपाई लावून फोटो काढायलाही परवानगी लागते. चालायला हवंच असंही आम्हाला वाटत नाही, कारण जोत्यावर सांडलेलं क्रीम मुंग्या बोलावतं आणि दगडाच्या सांध्यांत जातं. पंधरा वर्षांखालच्या मुलांना अशा स्मारकांत तिकीट लागत नाही, ही एक सोय लक्षात ठेवा.

मुळात दिवसभर केक वागवणंच चूक. गाडीत ठेवलेला केक एप्रिलात तासाभरात बसतो. पेठेत त्याला सोपा पर्याय आहे: मस्तानी. घट्ट दुधाचा पेला आणि वर आइस्क्रीमचा गोळा. सदाशिव-शुक्रवार पेठेत ती जागोजागी मिळते. आधी चमच्याने वरचा गोळा अर्धा संपवायचा, मग ढवळायचं. आधीच ढवळलं की पेला उतू जातो आणि मुलांचे कपडे खराब होतात. एक पेला मोठ्या माणसालाही भरपूर होतो, दोन मुलांत एक घ्या. जेवणानंतर लगेच नको, चारच्या सुमाराला. केक हवाच असेल तर घरी, संध्याकाळी.

माझा वाढदिवस दरवर्षी गणपतीत येतो. तेव्हा पेठेत जावं का? (पिंपरी)

जावं, पण सकाळी सहा ते नऊ. मानाचे पाचही, म्हणजे कसबा, तांबडी जोगेश्वरी, गुरुजी तालीम, तुळशीबाग आणि केसरीवाडा, त्या वेळात पायी होतात. पिंपरीहून मेट्रो थेट कसबा पेठ आणि मंडईपर्यंत येते, गाडी आणूच नका. संध्याकाळचं आमंत्रण कुणाला देऊ नका. रस्ते बंद होतात आणि फोन लागत नाहीत. अनंत चतुर्दशीला वाढदिवस आलाच तर तो आदल्या दिवशी करा, आणि चतुर्दशीला केळकर संग्रहालयही बंद असतं हे ध्यानात ठेवा.

वडिलांची साठी आहे. इतिहासाची आवड, शनिवारवाडा पंचवीस वेळा पाहिलेला. त्यांना पुण्यातच नवं काय दाखवावं? (सातारा रस्ता)

सोमवार पेठेतला त्रिशुंड गणपती. नागझरीच्या बाजूला, घरांच्या दाटीत हे देऊळ आहे आणि कित्येक पुणेकरांनी ते आतून पाहिलेलं नसतं. पायाभरणी १७५४ ची, भीमगिरजी गोसाव्यांनी केलेली, बांधकाम १७७० पर्यंत चाललं. शिखर पुरं झालंच नाही. मूर्तीला तीन सोंडा, सहा हात, आणि वाहन मोर.

पण वडिलांना आधी आत नेऊ नका. दर्शनी भिंतीपाशी पंधरा मिनिटं उभं करा. काळ्या दगडातल्या कोरीवकामात साखळदंडांनी बांधलेला एक गेंडा आहे आणि त्याला बांधणारे शिपाई इंग्रजी पोशाखात आहेत. १७५७ मध्ये प्लासीनंतर इंग्रजांनी बंगाल घेतला, त्याचं हे चित्र असा अर्थ लावतात. पुण्यात इंग्रजांचा अंमल यायला अजून पन्नास-साठ वर्षं होती, तेव्हाच कुणा पाथरवटाने हे कोरून ठेवलं. हे कळल्यावर माणूस त्या भिंतीपुढून हलत नाही. आत गाभाऱ्याच्या भिंतीवर तीन शिलालेख आहेत, दोन संस्कृत, एक फारसी. सोबत छोटी विजेरी न्या आणि उजेड समोरून न पाडता बाजूने, भिंतीला जवळजवळ समांतर धरा. समोरून प्रकाश टाकला की अक्षरांच्या खाचा सपाट दिसतात, बाजूने टाकला की सावली पडून अक्षर उठून येतं. गेंड्यालाही हीच रीत लावा. सकाळचं तिरकं ऊन मिळालं तर विजेरीचीही गरज नाही.

दिवसाचा उरलेला भाग पाण्याला द्या. नानासाहेब पेशव्यांनी १७५० च्या सुमाराला कात्रजच्या तलावातून शहरात झाकलेल्या नळाने पाणी आणलं. पंप नाही, चाक नाही, निव्वळ उतारावर. नळात माणूस उतरून साफसफाई करू शकेल एवढी जागा, मधे मधे हवेसाठी उसासे, गाळ खाली बसावा म्हणून हौद. तुमच्या सातारा रस्त्यावरूनच हे पाणी शहराकडे येत असे. काळा हौद, बदामी हौद, फडके हौद ही नावं वडिलांनी आयुष्यभर बस थांब्यांसारखी वापरली असतील. त्या दिवशी ती एकामागून एक जोडून दाखवा. कात्रजहून निघून उताराच्याच दिशेने या, उलटे गेलात तर पाण्याची वाट कळत नाही.

आणि वाढदिवस आषाढात येत असेल तर त्रिशुंडची भेट गुरुपौर्णिमेला ठेवा. देवळाखाली गोसाव्यांच्या समाधीचं तळघर आहे, त्यात पाणी असतं. ते उपसून तळघर त्या एका दिवशी दर्शनाला उघडतात.