न्यू जर्सीत घर वाढवून तो भाग एअरबीएनबीवर द्यायचा असेल, तर झोनिंग बोर्डाची परवानगी पुरेशी आहे का?

तुम्ही विचारले आहे की, न्यू जर्सीतील एका नगरात ५० फूट रुंदीच्या प्लॉटवरचे जुने घर घ्यायचे जवळजवळ ठरले आहे. मागच्या बाजूला दोन खोल्या वाढवून तो भाग एअरबीएनबी या संकेतस्थळावरून पाहुण्यांना थोड्या दिवसांसाठी भाड्याने द्यायचा, म्हणजे कर्जाच्या हप्त्याला हातभार लागेल, असा तुमचा विचार आहे. या बांधकामाला ‘व्हेरियन्स’, म्हणजे झोनिंगच्या नियमांतून सूट, लागेल असे एजंटने सांगितले आणि ‘एकदा बोर्डाने व्हेरियन्स दिला की भाड्याचाही प्रश्न सुटतो’ असेही आश्वासन दिले. त्याचे पहिले वाक्य बहुधा बरोबर आहे, पण दुसऱ्यावर विसंबून करारावर सही करू नका. मी याच राज्यात राहतो, घराच्या वाढीव बांधकामासाठी बोर्डापुढे दोनदा उभा राहिलो आहे आणि त्यानंतर इतरांच्या अर्जांच्या सुनावण्याही आवर्जून ऐकल्या आहेत. मी वकील नाही, हे आधीच नमूद करतो.

बांधकामाची सूट आणि वापराची परवानगी या मुळातच दोन निराळ्या गोष्टी आहेत. न्यू जर्सीत १९७५ च्या म्युनिसिपल लँड यूज लॉ या कायद्यानुसार प्रत्येक नगराचे झोनिंग, म्हणजे कोणत्या विभागात काय आणि किती बांधता येते याचे नियम, चालते आणि त्यातून सूट देण्याचा अधिकार सहसा सात सदस्यांच्या झोनिंग बोर्डाला असतो. हद्दीपासूनचे अंतर, प्लॉटचा किती भाग बांधकामाने व्यापला आहे अशा मोजमापाच्या नियमांतून मिळणाऱ्या सवलतीला बोलीभाषेत ‘सी’ व्हेरियन्स म्हणतात. तो मिळवण्याचा पहिला मार्ग म्हणजे प्लॉट अरुंद आहे, वेडावाकडा आहे, जमिनीला उतार आहे किंवा त्यावर कायदेशीररीत्या उभे असलेले जुने बांधकाम आड येते, हे दाखवणे. दुसरा मार्ग म्हणजे सूट दिल्याने होणारा फायदा नुकसानीपेक्षा स्पष्टपणे अधिक आहे, हे पटवून देणे. शिवाय, कोणत्याही मार्गाने गेलात तरी परिसराच्या हिताला आणि नगराच्या झोनिंग आराखड्याला लक्षणीय बाधा येत नाही, हे सिद्ध करावेच लागते. ज्या विभागात एखादा वापरच मान्य नाही तिथे तो करू देण्याची मागणी असेल, तर तो ‘डी’ व्हेरियन्स. त्याला साधे बहुमत चालत नाही, सातपैकी पाच मते अर्जाच्या बाजूने पडावी लागतात. एखाद्या रात्री पाचच सदस्य हजर असले तर पाचही जणांचा होकार हवा, म्हणून जाणते वकील अशा वेळी पुढची तारीख मागून घेतात.

आपल्याकडे, म्हणजे महाराष्ट्रात, सामासिक अंतरातली, म्हणजे हद्दीपासून मोकळ्या सोडायच्या जागेतली, सवलत प्रशासनाच्या अखत्यारीत, अधिमूल्य (प्रीमियम) भरून आणि फाइलवर मिळते, त्यामुळे इथेही तसेच काही असेल अशी आपली समजूत असते. इथे सारे उघड सभेत, शपथेवर होते. तुमच्या हद्दीपासून सर्व बाजूंना २०० फुटांच्या आत ज्यांची मालमत्ता आहे, त्या प्रत्येकाला सुनावणीच्या किमान दहा दिवस आधी नोटीस जावी लागते आणि ती जाहीरपणे प्रसिद्धही करावी लागते. मालकांची यादी नगरपालिका देते. त्यातले एक नाव जरी सुटले तरी बोर्ड सुनावणी घेऊ शकत नाही, म्हणून ‘सर्टिफाइड मेल’ने पाठवलेल्या टपालाच्या पावत्या जपून ठेवा.

माझे घर झोनिंगचे नियम येण्याच्या आधीचे. त्याची उत्तरेकडची भिंत हद्दीपासून साडेपाच फुटांवर आहे आणि आजचा नियम आठ फुटांचा. आईचे गुडघे दुखतात, तिला जिना चढता येत नाही, म्हणून तळमजल्यावर त्याच भिंतीच्या रेषेत मागे एक खोली आणि न्हाणीघर वाढवायचे होते. पहिल्या सुनावणीत मी आईबद्दलच बोलत राहिलो. अध्यक्षबाईंनी मला शांतपणे थांबवले आणि म्हणाल्या, ‘तुमच्या आईविषयी आम्हाला आदर आहे, पण आम्हाला जमिनीविषयी सांगा.’ त्या एका वाक्यात या कायद्याचा गाभा आहे. व्हेरियन्स माणसाला मिळत नाही, तो जमिनीला मिळतो आणि घर विकले तरी तिच्याबरोबरच राहतो. त्यामुळे तुमचे कुटुंब वाढले, हप्ता जड झाला, नोकरी गेली, यांतले कोणतेही कारण कितीही खरे असले तरी कायद्याच्या अर्थाने ती अडचण ठरत नाही. तुमच्या अर्जात कर्जाचा हप्ता हे कारण लिहिलेले असेल, तर ते काढून टाका.

माझ्यानंतर शेजारचे आजोबा उठले. त्यांनी चार छायाचित्रे आणली होती, ती पुराव्यात दाखल झाली. पावसानंतर माझ्या छपराच्या पन्हाळीचे पाणी त्यांच्या अंगणात साचून राहिले होते आणि त्यात त्यांच्या भाजीच्या वाफ्याची एक कड वाहून गेली होती. इतकी वर्षे ते मला त्याबद्दल एक शब्दही बोलले नव्हते. त्या रात्री मला खरोखर अपराधी वाटले. निर्णय पुढे ढकलला गेला, तेव्हा मी त्यांच्या अंगणात जाऊन पाणी कुठून येते ते पाहिले, खोली दोन फुटांनी लहान केली आणि पन्हाळीचे पाणी जिरवण्यासाठी शोषखड्ड्याचा आराखडा इंजिनियरकडून काढून घेतला. दुसऱ्या सुनावणीला आजोबा आले, पण त्यांनी हरकत घेतली नाही.

तुमच्या दृष्टीने महत्त्वाचा भाग मात्र याच्या पुढचा आहे. मतदानाच्या आधी एका सदस्याने विचारले, ‘या भागाला बाहेरून स्वतंत्र दार आहे. इथे वेगळे स्वयंपाकघर होणार आहे का, आणि हा भाग स्वतंत्रपणे भाड्याने दिला जाणार आहे का?’ मी शपथेवर नाही म्हणालो, कारण ते खरेच होते. पुढच्या महिन्यात मंजूर झालेल्या लेखी ठरावात तीच अट म्हणून आली: स्वतंत्र स्वयंपाकघर नाही, स्वतंत्र निवास म्हणून वापर नाही. ही अटही जमिनीबरोबरच राहते, म्हणजे उद्या मी घर विकले तरी घेणारा तिला बांधील आहे. हा प्रश्न तुम्हालाही विचारला जाईल असे गृहीत धरा. ‘हो’ म्हणालात तर अर्ज केवळ मोजमापाचा न राहता वापराचा होऊ शकतो आणि पाच मतांची पायरी पुढे येते. ‘नाही’ म्हणून नंतर पाहुणे ठेवलेत तर शपथेवरचे खोटे बोलणे आणि अटीचा भंग, दोन्ही तुमच्या नावावर लागतात. लपवण्याचा सल्ला कोणी देत असेल तर तो ऐकू नका. २०० फुटांतल्या प्रत्येक घराला तुमचा अर्ज ठाऊक असतो आणि जाहिरातीतली छायाचित्रे शोधायला कोणालाही पाच मिनिटे पुरतात.

याशिवाय एक अडचण अशी आहे, जी बहुतेकांना ठाऊकच नसते. बोर्ड फक्त झोनिंगच्या नियमांतून सूट देऊ शकते. अनेक नगरांत अल्पकालीन भाड्यावरचे निर्बंध नगराच्या नियमसंग्रहातल्या झोनिंगच्या प्रकरणात नसून परवाने किंवा भाड्याच्या घरांच्या सर्वसाधारण नियमांत असतात. तुमच्या नगरात तसे असेल, तर सातही सदस्य तुमच्या बाजूने असले तरी त्यांच्या हातात काही नाही. तो नियम नगर परिषदेचा, तो बदलायचा तर परिषदेनेच बदलायला हवा. म्हणून अर्जाचे शुल्क आणि बोर्डाच्या इंजिनियरच्या तपासणीसाठी आगाऊ ठेवावी लागणारी रक्कम भरण्याआधी, नगरपालिकेच्या क्लार्ककडून त्या नियमाची प्रत मागून घ्या आणि तो कोणत्या प्रकरणात आहे ते स्वतः पाहा.

‘आज नियम अनुकूल आहे’ एवढ्यावरही विसंबू नका, कारण याचे उदाहरण आपल्या जवळच घडले आहे. जर्सी सिटीने २०१५ मध्ये अल्पकालीन भाड्याला रीतसर मान्यता दिली. त्या भरवशावर काही जणांनी खास याच व्यवसायासाठी घरे घेतली. २०१९ मध्ये शहराने नवा नियम आणला: मालक स्वतः तिथे राहत नसेल तर वर्षातून जास्तीत जास्त ६० रात्री, आणि भाडेकरूंना असे पोटभाडे देण्यास मनाई. त्यावर सार्वमत झाले, एअरबीएनबीने प्रचारावर ४० लाख डॉलरहून अधिक खर्च केला, तरी ५ नोव्हेंबर २०१९ रोजी दोन-तृतीयांशांहून अधिक मतदारांनी नियमाच्याच बाजूने कौल दिला. गुंतवणूकदार फेडरल न्यायालयात गेले. आमची मालमत्ता सरकारने जणू हिरावून घेतली, भरपाई द्या, असे त्यांचे म्हणणे होते. २०२२ मध्ये थर्ड सर्किटच्या, म्हणजे न्यू जर्सी ज्या विभागात येते तिथल्या, फेडरल अपील न्यायालयाने ते अमान्य केले. घर त्यांचेच राहिले होते, ते विकता येत होते, दीर्घ मुदतीने भाड्याने देता येत होते. एक फायदेशीर वापर गेला म्हणून भरपाई मिळत नाही. नदीपलीकडे न्यूयॉर्क शहरात तर सप्टेंबर २०२३ पासून ३० दिवसांहून कमी मुदतीसाठी नोंदणी, यजमानाची घरातच उपस्थिती आणि जास्तीत जास्त दोन पाहुणे असे बंधन अमलात आले आहे.

आणखी एक गैरसमज वारंवार ऐकू येतो. ऑक्टोबर २०१८ पासून न्यू जर्सी राज्य अशा भाड्यावर विक्रीकर आणि निवास शुल्क घेते आणि संकेतस्थळ तो पैसा परस्पर भरते, म्हणून काही जण म्हणतात की सरकार कर घेते त्या अर्थी परवानगी आहे. तसे नाही. कर राज्याचा, वापराचे नियम नगराचे, आणि एक भरल्याने दुसरे मिळत नाही.

हे निर्बंध मला स्वतःला अन्यायकारक वाटत नाहीत. पन्नास फुटांच्या प्लॉटवर शेजाऱ्याची खिडकी आपल्या भिंतीपासून हाताच्या अंतरावर असते आणि दर शुक्रवारी तिथे नवी अनोळखी माणसे उतरत असतील, तर त्यात राहणाऱ्याचे काय होते याचा विचार नगराने करायलाच हवा. त्याचबरोबर, घरमालक स्वतः वर राहतो आणि खालची एक खोली देतो, अशा कुटुंबांना गुंतवणूकदारांच्याच मापाने मोजू नये, असेही मला मनापासून वाटते. जर्सी सिटीने मालक घरात असताना आणि नसताना हा जो फरक केला तो मला रास्त वाटतो. तुम्ही स्वतः त्या घरात राहणार आहात, त्यामुळे तुमच्या नगराच्या नियमात असा फरक आहे का, हे आधी तपासा.

आता सहीबद्दल. न्यू जर्सीत एजंटने तयार केलेल्या घरखरेदीच्या करारावर दोन्ही बाजूंच्या सह्या झाल्यावर वकिलाकडून तपासून घेण्यासाठी कामकाजाचे तीन दिवस मिळतात आणि त्या मुदतीत वकील करार रद्द करू शकतो किंवा बदल सुचवू शकतो. त्या तीन दिवसांत वकिलाकडून अशी अट मागून पाहा की, वाढीव बांधकामाचा व्हेरियन्स मिळाला नाही तर करार रद्द होऊन तुमची इसाऱ्याची रक्कम परत मिळेल. बोर्डाला निर्णयासाठी साधारण १२० दिवसांची मुदत असल्याने विकणारा ती अट सहज मानणार नाही, पण त्याने नकार दिला तर निदान जोखीम कोणाच्या माथी आहे ते तुम्हाला पैसे गुंतण्यापूर्वी कळेल. घर एखाद्या कंपनीच्या नावाने घेण्याचा विचार असेल, तर बोर्डापुढे तुम्ही स्वतः बाजू मांडू शकणार नाही, तिथे वकीलच लागेल. भाड्याचे उत्पन्न मात्र हप्त्याच्या हिशेबातून आजच वगळा आणि त्याशिवाय हे घर परवडते का, ते पुन्हा एकदा मांडून पाहा.