ऊर्जा 'नष्ट' करायची की 'जिरवायची'?

प्रश्न असा आला आहे. गोंदिया जिल्ह्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेतल्या बाई लिहितात, की बिरसीच्या धावपट्टीवरून उडणारी शिकाऊ विमानं बघून आठवीच्या मुलांनी विमानावर भित्तिपत्रक केलं. त्यात 'उतरताना वैमानिक विमानाची ऊर्जा नष्ट करतो' असं वाक्य होतं. ऊर्जा नष्ट होत नाही असं पुस्तकात आहे, म्हणून एका मुलीनं हरकत घेतली. मग क्रियापद कोणतं वापरावं? आणि 'ऊर्जा व्यवस्थापन' हा शब्द चालेल का?

मुलीचं बरोबर आहे. ऊर्जा अक्षय्यतेचा नियम शिकलेल्याला 'नष्ट' खटकायलाच हवं. 'कमी करतो' हे चूक नाही, पण गुळमुळीत आहे. ऊर्जा गेली कुठे, ते त्यातून कळत नाही. माझं मत 'जिरवतो'ला.

जिरणं मूळचं पोटातलं. संस्कृतातल्या 'जॄ' धातूपासून जीर्ण, अजीर्ण आणि आपलं जिरणं आलं. जिऱ्याचं 'जीरक' हे नावही याच धातूशी जोडतात. आधी अन्न जिरत होतं, मग जमिनीत पाणी जिरू लागलं, आणि पुढे माणसाची रगही जिरू लागली. अन्न काय, पाणी काय, जिरलं म्हणजे नाहीसं झालं नाही. दुसऱ्या कशात तरी मुरलं आणि दिसेनासं झालं. (रगीचं सांगवत नाही. ती पुढच्या ग्रामपंचायत निवडणुकीला पुन्हा वर येते.) विमानाच्या ऊर्जेचं नेमकं हेच होतं. हवा ढवळली जाते, किंचित तापते, आणि ऊर्जा तिच्यात जिरते.

किती जिरते ते शाळेतल्या सूत्रांनीच काढता येईल. ६० टनांचं विमान ३५,००० फुटांवर ताशी ८३० किलोमीटरनं चाललंय असं धरा. त्याची स्थितिज आणि गतिज ऊर्जा मिळून विजेच्या मापात सुमारे २,२०० युनिट होते, आणि त्यातले पाचातले चार हिस्से नुसत्या उंचीचे. चाकं टेकतात तेव्हा वेग ताशी २६० किलोमीटरच्या आसपास असतो. उरलेली ऊर्जा ४३ युनिट, म्हणजे जेमतेम पन्नासावा हिस्सा. आपल्याला ब्रेकचा आवाज आणि धक्का जाणवतो म्हणून विमान धावपट्टीवर थांबतं असं वाटतं. खरं काम हवेनं आधीच उरकलेलं असतं.

आता भाषेतली एक गंमत. मराठीत 'उतरणं' उंचीलाही चालतं आणि जोरालाही. माणूस माडीवरून उतरतो, तसा ताप उतरतो, नशा उतरते, कापसाचा भावही उतरतो. त्यामुळे विमान उतरलं म्हणजे त्याचा वेगही आपोआप उतरला, असं कानाला वाटून जातं. प्रत्यक्षात या दोन गोष्टींचं एकमेकींशी पटत नाही. नाक खाली केलं की उंची जाते आणि वेग चढतो. वेग घालवायला नाक वर धरलं की उंची जायची थांबते. जेट विमान इतकं गुळगुळीत असतं, की इंजिनं अगदी मंद ठेवूनही दोन्ही एकदम उतरवणं त्याला जड जातं. नाकाच्या खालीवर करण्यानं ऊर्जा फक्त या खिशातून त्या खिशात जाते. म्हणून भित्तिपत्रकात दोन क्रियापदं हवीत: उंचीचा वेग होतो तिथे 'रूपांतर होतं', आणि हवेच्या विरोधानं ऊर्जा जाते तिथे 'जिरते'.

जिरवायची साधनं मोजकीच आहेत. पंखांवर उभ्या राहणाऱ्या पट्ट्या (स्पॉयलर), पंखांच्या मागच्या कडेला खाली झुकणारे फ्लॅप, आणि वेळेआधी खाली सोडलेली चाकं. फ्लॅप आणि चाकं मात्र ठरावीक वेगाच्या आतच उघडता येतात, म्हणजे मुळात वेग उतरलेला असावा लागतो. त्यामुळे सगळी भिस्त लवकर सुरुवात करण्यावर. वैमानिकांचा अंगवळणी पडलेला हिशेब आहे: दर १,००० फुटांना ३ सागरी मैल, म्हणजे साडेपाच किलोमीटर. ३५,००० फुटांना झाले सुमारे १९५ किलोमीटर, शिवाय वेग कमी करायला थोडं अंतर वेगळं. मुंबई-नागपूर सरळ रेघ मारली तर उतरायला सुरुवात करायची ही जागा कारंजा-मूर्तिजापूरच्या डोक्यावर येते. नागपूरच्या सोनेगाव विमानतळाच्या धावपट्टीची काळजी तिथूनच सुरू होते.

'पाणी अडवा, पाणी जिरवा' हे आपल्याकडच्या भिंतींवर रंगवलेलं असतं, त्यातही हाच क्रम आहे. माथ्यावर समतल चर, मध्ये अनगड दगडी बांध, खाली नालाबांध. वरचं काही न करता खालीच एक बांध घातला तर पहिल्या मोठ्या पावसात तो फुटतो. उपमा इथपर्यंतच ताणावी. पाणी संथ झालं की जास्त जिरतं. विमानाचं उलट आहे. हवेचा विरोध वेगाच्या वर्गानुसार वाढतो, म्हणून वर राहून गेलेला वैमानिक कधीकधी मुद्दाम वेग वाढवून खाली येतो, आणि ऊर्जा लवकर जिरते. हे मुलांना पटवायला बाईंना फळा लागेल.

'व्यवस्थापन' चुकीचं नाही, पण त्याला ऑफिसचा वास आहे. मी 'ऊर्जा सांभाळणं' म्हणेन, कारण फार राहिली तरी धोका आणि फार गेली तरी धोका. बहुतेक एअरलाइन्सचा नियम आहे, की धावपट्टीपासून १,००० फूट उंचीवर येईपर्यंत वेग, उतरण्याचा दर, फ्लॅप, चाकं सगळं जागेवर बसलेलं हवं. नसेल तर पुन्हा वर जायचं, म्हणजे गो-अराउंड. आपली वर्तमानपत्रं त्याला 'थोडक्यात बचावले' म्हणतात, ते मला पटत नाही. तो नियम पाळल्याचा पुरावा असतो. २२ मे २०१० ला मंगळूरला तो पाळला गेला नाही. विमान फार उंचावरून आलं, सहवैमानिकानं गो-अराउंड सुचवूनही उतरवलं गेलं, धावपट्टी संपली आणि १५८ माणसं गेली. तिथे ऊर्जा जिरायची राहिली होती.

६ जुलै २०१३ ला सॅन फ्रान्सिस्कोत एशियानाचं बोइंग ७७७ आधी असंच उंच होतं. ते खाली आणताना इंजिनं मंदच राहिली, वेग १३७ नॉट (ताशी सागरी मैल) हवा होता तो १०३ पर्यंत घसरला, आणि विमान धावपट्टीआधीच्या समुद्री बांधाला धडकलं. तीन जण दगावले. या अपघाताला 'ऊर्जा जिरली नाही' म्हणता येणार नाही. ती गरजेपेक्षा जास्त जिरली, आणि इंजिनांनी वेळेवर भर घातली नाही. म्हणून एका उताराची गोष्ट सांगताना 'जिरवणं' वापरा, आणि वैमानिकाच्या सगळ्या कामाला 'सांभाळणं'.