क्रोदिनो नुसतं प्यायचं की सोडा घालून?

सोडा अजिबात घालू नका. क्रोदिनो हे मुळातच फसफसणारं, तयार बिनअल्कोहोल पेय आहे. इटलीतल्या पीडमाँट प्रांतातल्या क्रोदो गावावरून नाव पडलेलं, 1965 पासून विकलं जाणारं. छोटी बाटली जेमतेम 100 मिलिलिटरची. तिच्यात सोडा ओतला की कडसर चव मरते आणि नुसतं गोडसर पाणी उरतं.

बाटली फ्रीजमध्ये गार करा. रुंद ग्लासात बर्फाचे दोन-तीन मोठे खडे, संत्र्याची एक चकती. मग ग्लास तिरका धरून हळूच ओता. बर्फाचा चुरा नको: तो पटकन वितळतो, शिवाय त्यावर गॅस भसकन निघून जातो. सोबत खारवलेले ऑलिव्ह किंवा साधे वेफर्स हवेतच, कारण मिठामुळे कडूपणा जिभेला सौम्य लागतो.