कोथिंबिरीतून आलेला कोळी पाळताना

कोथिंबिरीच्या जुडीतून घरात आलेला कोळी कसा पाळावा, असे तुम्ही विचारले आहे. तुमच्या वर्णनावरून हा पाहुणा उड्या मारणाऱ्या कोळ्यांपैकी दिसतो. समोरचे दोन मोठे डोळे आणि बोट हलवताच वळून पाहण्याची सवय ही त्यांची ओळख. तो शिकारीसाठी जाळे विणत नाही, मात्र झोपण्यासाठी व कात टाकण्यासाठी बहुधा वरच्या कोपऱ्यातच रेशमाची पांढरी पिशवी करतो, त्यामुळे वरून उघडणारी बरणी घेतलीत तर झाकण काढताना दर वेळी त्याचे घर फाटेल. बाजूने उघडणारा, बारीक भोके पाडलेला पारदर्शक डबा घ्यावा. पाण्याची वाटी नको. डब्याच्या आतल्या भिंतीवर एका बाजूला फवारलेले थेंब तो आपण होऊन पितो. पोट सुरकुतलेले दिसल्यास आधी पाणी द्यावे, मग भक्ष्य. पिकल्या केळ्यावर जमणारी चिलटे लहान कोळ्याला पुरतात. कीटकनाशक मारलेल्या खोलीतले किडे मात्र कधीही देऊ नयेत. पिशवीत शिरून तो काही दिवस खाईनासा झाला तर घाबरू नका, बहुधा तो कात टाकत असतो. त्या काळात जिवंत किडा आत ठेवू नये, कारण अंग मऊ असताना तोच कोळ्याला इजा करू शकतो. हातावर खेळवण्याची हौस (मला ती कधीच पटली नाही) आवरावी. सांभाळणे जमणार नसेल, तर त्याला कुंडीतल्या झाडावर सोडून द्यावे.